चिन्हांचे कर्ते

एन्रॉन हे नाव मराठी वाचकाला नव्यानं सांगावं लागत नाही. दाभोळचा वीज प्रकल्प, १९९५ मध्ये राज्य सरकारनं रद्द केलेला करार, नंतरच्या फेरवाटाघाटी, विजेच्या दरावरून पेटलेला वाद आणि २००१ मध्ये थांबलेली जनित्रं हे सगळं महाराष्ट्रानं जवळून पाहिलं. त्या कंपनीचं बोधचिन्ह कोणी काढलं होतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. ते पॉल रँड यांनी काढलं. विसाव्या शतकातल्या लोगोकारांची नावं घ्यायची झाली तर बहुतेक जाणकार ज्यांचं नाव आधी घेतील, ते हे रँड. इंग्रजी ‘ई’ हे अक्षर त्यांनी तिरकं करून एका कोपऱ्यावर उभं केलं आणि त्याच्या तीन दांड्यांना वेगवेगळे रंग दिले. मधली दांडी पिवळी होती. रंगीत छपाईत ती छान उठून दिसायची. फॅक्स आणि झेरॉक्सच्या यंत्रांना मात्र पिवळा रंग दिसेना, आणि कचेरीतून निघणाऱ्या कागदांवर ‘ई’ची मधली दांडी गायब होऊ लागली. शेवटी पिवळ्याच्या जागी हिरवा रंग घ्यावा लागला.

रँड यांनी हे काम १९९६ मध्ये केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले. पुढे पाच वर्षांनी, डिसेंबर २००१ मध्ये, हिशेबातल्या लबाड्या उघड होऊन एन्रॉनचं दिवाळं निघालं. अमेरिकेत लोक त्या चिन्हाला ‘वाकडा ई’ म्हणू लागले. रेषा त्याच होत्या, कोनही तोच होता. आधी ज्या तिरकेपणात उत्साह दिसत होता, त्यातच आता लोकांना वाकडेपणा दिसू लागला.

लोगो या विषयावर लिहिताना मी या एका चिन्हापाशी पुन्हा पुन्हा येतो, कारण चित्रकाराच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे त्यात एकत्र दिसतं. आपलं चिन्ह उद्या कुठल्या यंत्रातून जाईल, किती लहान होईल, कोण ते कशावर रंगवेल, याचा अंदाज बांधणं त्याच्या हातात असतं. आयुष्यभर हा अंदाज अचूक बांधणारे रँडसुद्धा एकदा एका पिवळ्या पट्टीपाशी चुकले. चिन्हात अर्थ भरण्याचं काम मात्र कंपनीचं. ते तिच्या वागण्यातून होतं, आणि उत्तमातल्या उत्तम चित्रकारालाही ते तिच्या वतीनं करता येत नाही. जाहिरातीच्या धंद्यात लोगोविषयी जे बोललं जातं त्यात ही मर्यादा क्वचितच सांगितली जाते. या पुस्तकात चित्रकारांचं कौतुक भरपूर आहे, पण या मर्यादेचं भान सोडून केलेलं नाही.

मालावर खूण करण्याची चाल जुनी आहे. इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांची कायदेशीर नोंदणी १ जानेवारी १८७६ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर नोंदला गेला तो बास या बिअर गाळणाऱ्या कंपनीचा लाल त्रिकोण. पुढे १८८२ मध्ये एदुआर माने यांनी पॅरिसमधल्या एका मद्यालयाचं जे प्रसिद्ध चित्र रंगवलं, त्यातल्या बाटल्यांवरही तो त्रिकोण दिसतो. आपल्याकडे त्याच सुमारास मँचेस्टरहून मुंबई बंदरात उतरणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवतांची, हत्ती-वाघांची रंगीत शिळाछापाची लेबलं असत. गिऱ्हाईक बहुधा निरक्षर, म्हणून मागणी चित्राच्या नावानं व्हायची. गाय छाप जर्द्यापासून निवडणुकीच्या मतपत्रिकेपर्यंत ही सवय आपल्याकडे अजून टिकून आहे. वाचता न येणाऱ्या माणसालाही आपला माल आणि आपला उमेदवार बिनचूक ओळखता यावा, ही गरज आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर होती, आणि हा वारसा आपल्या चित्रकारांच्या कामी आला असं माझं मत आहे.

एखाद्या कंपनीचं सगळंच रूप एका नजरेखाली आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनीत झाला. बर्लिनच्या एइजी या विजेच्या सामानाच्या कंपनीनं १९०७ मध्ये पीटर बेहरेन्स यांना कलासल्लागार नेमलं. त्यांनी अक्षरं, जाहिराती, किटल्या, दिवे आणि थेट कारखान्याची इमारत अशा सगळ्या गोष्टींना हात लावला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी चौकट असलेलं चिन्हही त्यांचंच. त्यांच्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थांबत नाही.

रँड यांच्यापाशी मात्र थांबायला हवं. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात ते जन्मले. मूळ नाव पेरेट्झ रोझेनबाउम. तरुणपणी त्यांनी ते बदलून पॉल रँड केलं. रोमन लिपीत दोन्ही शब्द चार-चार अक्षरांचे, मोजून-मापून घेतलेले. १९५६ मध्ये आयबीएमचं काम त्यांच्याकडे आलं. कंपनीची सूत्रं थॉमस वॉटसन धाकटे यांच्याकडे आली होती. न्यूयॉर्कमध्ये ऑलिव्हेट्टी या इटालियन कंपनीचं देखणं दुकान पाहिल्यावर त्यांना आपल्या कंपनीचा कळकट अवतार खटकू लागला होता. त्यांनी एलियट नॉईस या वास्तुरचनाकाराला सल्लागार म्हणून घेतलं, आणि नॉईस यांनी रँड यांना बोलावलं.

रँड यांनी पहिल्या फेरीत जे केलं ते अगदीच थोडं वाटावं असं होतं. तीच तीन अक्षरं त्यांनी जाड, चौकोनी टाचांच्या वळणात बसवली. मोठ्या कंपनीला धक्का द्यायचा नाही, आधी सवय होऊ द्यायची, असं हे धोरण होतं. पण अक्षरांमधला मूळ दोष त्यांना टोचत राहिला. ‘आय’ अरुंद, ‘बी’ मध्यम आणि ‘एम’ ऐसपैस. डावीकडून उजवीकडे नजर नेली की तिघांची चाल जुळत नाही. यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे आडव्या पट्ट्या. तिन्ही अक्षरांतून सारख्या अंतरानं रेषा आरपार गेल्या की वेगवेगळ्या रुंदीची अक्षरं एका विणीत येतात. दस्तऐवजांवर खोटेपणा रोखण्यासाठी छापतात त्या बारीक समांतर रेषाही त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. १९७२ मध्ये आठ पट्ट्यांचं ते चिन्ह रूढ झालं आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. या काळात आयबीएमचा धंदा पार बदलला. टंकलेखन यंत्रं गेली, वैयक्तिक संगणकांचा विभागही विकला गेला. चिन्हात टंकलेखन यंत्र नव्हतं, संगणकही नव्हता. मालाचं चित्र त्यात असतं तर ते मालाबरोबरच म्हातारं झालं असतं.

त्याच रँड यांनी १९६१ मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीच्या ढालीवर सुतळीनं बांधलेलं, वर गाठ मारलेलं पुडकं काढलं. चित्र त्यांनी आपल्या लहान मुलीला दाखवलं. हे काय आहे असं विचारल्यावर ती म्हणाली, बाबा, ही भेटवस्तू आहे. रँड यांना तेवढं पुरलं. पुढे यंत्रानं पुडकी निवडायची पद्धत आली, सुतळी यंत्रात अडकते म्हणून कंपनी सुतळी बांधलेली पुडकी घेईनाशी झाली, आणि २००३ मध्ये ती गाठ चिन्हातूनही काढली गेली. आयबीएमच्या उदाहरणावरून पाहिलं तर इथे रँड यांनी मालाचं चित्र काढण्याचा धोका पत्करला होता, आणि तरीही ते चिन्ह चाळीस वर्षं टिकलं. त्याच्या जागी आलेल्या चकचकीत, सावल्या दिलेल्या ढालीपेक्षा जुनं चिन्ह मला कितीतरी सरस वाटतं. त्यात घरी कुणीतरी काहीतरी पाठवलंय याचा आनंद होता. नव्या ढालीत फक्त आत्मविश्वास आहे.

मोबदल्याचा प्रश्न या विषयात नेहमी निघतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात कॅरोलिन डेव्हिडसन ही कलाशाखेची विद्यार्थिनी तासाला २ डॉलर या दरानं किरकोळ कामं करत होती. तिच्याच विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवलेल्या फिल नाईट यांचा बुटांचा लहानसा धंदा होता. त्यांच्यासाठी तिनं जे चिन्ह काढलं त्याचं बिल झालं ३५ डॉलर. नाईट यांना ते विशेष आवडलं नव्हतं, हळूहळू आवडेल असं ते म्हणाले. ते चिन्ह म्हणजे नाइकेची बाकदार खूण. १९८३ मध्ये कंपनीनं डेव्हिडसन यांना बोलावून त्याच खुणेची हिरेजडित अंगठी आणि कंपनीचे समभाग दिले. दुसऱ्या टोकाला १९८६ चं उदाहरण आहे. स्टीव्ह जॉब्ज यांनी ‘नेक्स्ट’ या आपल्या नव्या कंपनीसाठी रँड यांना १ लाख डॉलर दिले. दोन-चार पर्याय दाखवाल का, असं जॉब्ज यांनी विचारलं तेव्हा रँड यांनी नकार दिला. मी तुमचा प्रश्न सोडवीन आणि तुम्ही पैसे द्याल, सोडवणूक वापरायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी शंभर पानांची पुस्तिका करून एकच तिरका काळा घन समोर ठेवला.

३५ डॉलरचं चिन्ह जगभर पोचलं आणि १ लाख डॉलरच्या चिन्हाची कंपनी दहा-अकरा वर्षांत ॲपलमध्ये विलीन झाली. यावरून कामाचे पैसे कमी द्यावेत असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटतात आणि मला त्यांचा राग येतो. डेव्हिडसन यांच्या रेषेला जी ताकद आली ती पुढच्या काही दशकांत धावपटूंच्या पायांतून आणि जाहिरातींवर ओतलेल्या अमाप पैशातून आली. पण जमिनीवरून उसळून पुढे झेपावणारी ती एक रेष मुळातच अशी होती की बुटाच्या बाजूवर, पळताना, लांबून, रंग उडाल्यावरही ओळखता येते. तो गुण विद्यार्थिनीनं दिला होता आणि त्याची किंमत त्या वेळी कुणी मोजली नाही. चित्रकार मिल्टन ग्लेझर यांची गोष्ट वेगळी आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क शहर कर्जात बुडालं होतं. टॅक्सीत बसल्या-बसल्या एका पाकिटाच्या तुकड्यावर त्यांनी लाल खडूनं बदामाचं चिन्ह आणि तीन अक्षरं उतरवली. ‘आय लव्ह न्यूयॉर्क’चं ते चिन्ह त्यांनी आपल्या गावाला स्वखुशीनं, एक पैसाही न घेता दिलं. देणं आणि काढून घेणं यांतला हा फरक धंद्यातल्या तरुण मुलांनी नीट ओळखावा असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्या घराकडे. नॉईस यांनी आयबीएमसाठी जमवलेल्या मंडळींत चार्ल्स आणि रे ईम्स हे जोडपं होतं. त्याच ईम्स दांपत्यानं भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरून १९५८ मध्ये एक अहवाल दिला. साध्या लोट्याच्या घडणीबद्दल त्यांनी त्यात जे लिहिलं ते आजही शिकवलं जातं. त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांचा त्यात मोठा वाटा. नव्या देशाच्या नव्या सार्वजनिक संस्थांना चेहरे हवे होते, आणि ते घडवण्याचं काम या संस्थेतल्या तरुणांकडे आलं. इंडियन एअरलाइन्सचं चिन्ह बिनॉय सरकार यांनी केलं. मला या सगळ्यांत थोर वाटतं ते स्टेट बँकेचं.

इंपीरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली, तेव्हा तिच्या चिन्हात वटवृक्ष होता. पारंब्या, पानं, सावली. अर्थ उघड होता, पण शिक्क्यावर त्याचा काळा गोळा व्हायचा. १९७१ मध्ये शेखर कामत यांनी केलेलं नवं चिन्ह आलं. निळं वर्तुळ, मध्ये लहान गोल भोक, त्यातून खाली उतरणारी उभी फट. कुणाला त्यात कुलपाचं छिद्र दिसतं, कुणाला मोठ्या वर्तुळाच्या मधोमध उभा असलेला एकटा सामान्य माणूस. अहमदाबादच्या कांकरिया तलावाचा आकार त्यात आहे अशीही कथा सांगतात. मला कथेपेक्षा कंपास आणि पट्टी जास्त महत्त्वाची वाटतात. हे चिन्ह शाळकरी मुलाला कंपासपेटीतल्या साधनांनी काढता येतं. म्हणजेच ते तालुक्याच्या गावातल्या पेंटरला पत्र्यावर काढता येतं, रबरी शिक्क्यावर कोरता येतं, पासबुकाच्या पुठ्ठ्यावर हलक्या शाईत छापता येतं, आणि प्रत्येक ठिकाणी ते तेच राहतं. हजारो शाखांच्या बँकेसाठी चित्र काढणाऱ्यानं या पेंटरचा विचार आधी केला होता, हे त्या रेषांतून कळतं. २०१७ मध्ये सहयोगी बँका विलीन झाल्या, अक्षरं बदलली, तरी वर्तुळ आणि फट तशीच ठेवली गेली.

दूरदर्शनचं चिन्हही एनआयडीतलंच. विकास सातवळेकर यांच्या वर्गात विद्यार्थ्यांना दिलेल्या कामातून देवाशिष भट्टाचार्य या मुलानं दोन वळसे आणि मध्ये एक गोल असं चित्र काढलं. आलेल्या चित्रांतून इंदिरा गांधींनी ते निवडलं. १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. पडद्यावर ते वळसे फिरत-फिरत जुळत यायचे आणि डोळा तयार व्हायचा, मागे पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची धून. मुंबई केंद्र १९७२ पासून सुरू होतं. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना ते चिन्ह धुनेसकट पाठ आहे. त्यातल्या किती जणांना भट्टाचार्य हे नाव माहीत आहे?

मुंबईतल्या कामाचा पोत थोडा वेगळा होता. इथे जाहिरात कंपन्या होत्या, जेजे कलाशाळेतून शिकून बाहेर पडलेली मुलं होती, छापखाने होते. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी हातात ब्रश आणि रंगाची बादली घेतलेला, कपाळावर केसांची बट आलेला खोडकर पोरगा काढला. नाव सुचवायची स्पर्धा झाली, बक्षीस ५०० रुपये, आणि त्यातून ‘गट्टू’ हे नाव मिळालं. सुमारे अर्धं शतक तो पोरगा डब्यावर होता. नंतर कंपनीनं त्याला रजा दिली, पण घरं रंगवून वय झालेल्या माणसांच्या बोलण्यात तो अजून येतो. एस्सोच्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम ही कंपनी झाली. परदेशी नाव उतरवून देशी नाव चढवायचं होतं आणि हमरस्त्यावरच्या ट्रकचालकाला पंप लांबूनच ओळखू यायला हवा होता. ते काम मुंबईच्या सुदर्शन धीर यांनी केलं. भारतीय बोधचिन्हांचा मोठा संग्रह पुस्तकरूपात छापण्याचं श्रेयही त्यांचंच. तो संग्रह नसता तर आज या विषयावर लिहिणाऱ्याच्या हाती फारसं काही लागलं नसतं.

या पुस्तकातला एक भाग मला सगळ्यात जवळचा आहे, आणि तो देवनागरीविषयी आहे. रोमन अक्षरांत घडवलेलं नाव देवनागरीत आणायचं झालं की बहुतेक कंपन्यांचा धीर सुटतो. इंग्रजी नावावर महिनोन्‌महिने काम झालेलं असतं, आणि मराठी पाटीसाठी संगणकात असेल तो फाँट उचलून दोन्हींची उंची कशीबशी सारखी केली जाते. रोमन अक्षरं तळाच्या रेषेवर उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून खाली उतरतात, वर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार. दोन्हींचा तोल सांभाळायचा तर मुळाक्षरांपासून नव्यानं विचार करावा लागतो. हा विचार र. कृ. जोशी यांनी जन्मभर केला. उल्का या जाहिरात कंपनीत कलादिग्दर्शक, नंतर पवईच्या आयआयटीत शिक्षक, कवी, सुलेखनकार, आणि विंडोजमध्ये देवनागरी दाखवणाऱ्या ‘मंगल’ फाँटचे कर्ते. २००८ मध्ये ते गेले. त्याच आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांचं रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारनं स्वीकारलं. देवनागरी ‘र’ आणि उभी दांडी काढलेला रोमन ‘आर’ हे दोन्ही त्यात आहेत, आणि दोघांना बांधते ती शिरोरेषा. ज्या रेषेला जाहिरातवाले अडचण समजत आले होते, तिच्यावरच हे सगळं चिन्ह तोललेलं आहे. मराठी पाट्यांचा आग्रह धरणाऱ्यांनी पाटी मराठीत आहे की नाही याबरोबर ती चांगली आहे की नाही हेही विचारावं, असं मला फार दिवस म्हणायचं होतं.

डिझाइनचा धंद्यावर परिणाम किती, याचा आकडा लोक मागतात. लोगो एकटा वेगळा काढून त्याची कमाई मोजता येत नाही, कारण त्याच वेळी किंमत, माल, वितरण, जाहिरात सगळं चालू असतं. नुकसान मात्र कधीकधी अगदी स्वच्छ दिसतं. २००९ च्या सुरुवातीला अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या खोक्यावरून नळी खुपसलेलं संत्रं काढून तिथे रसाचा पेला आणला. रस तोच, भावही तोच. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीनं जुनं खोकं परत आणलं. घाईत फळीवरून खोकं उचलणारा माणूस नाव वाचत नाही, तो संत्रं शोधतो. ते दिसलं नाही की हात शेजारच्या खोक्याकडे जातो. बदल करायचाच नाही असं नाही. पण लोकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं साठलेली ओळख ही कंपनीची मालमत्ता आहे, ताळेबंदात दिसत नसली तरी.

आपल्याकडे या कामाच्या जपणुकीची स्थिती वाईट आहे. रँड यांची चित्रं, पत्रं आणि पुस्तिका येल विद्यापीठानं सांभाळून ठेवल्या आहेत. आपल्या जुन्या स्टुडिओंमधली बटर पेपरवरची कच्ची कामं, ब्रोमाइडं, रंगांचे नमुने, वापराच्या नियमपुस्तिका घर बदलताना नाहीतर जागा विकताना रद्दीत जातात. ज्यांच्या घरी असे गठ्ठे असतील त्यांनी ते फेकू नयेत, एनआयडी किंवा जेजेसारख्या संस्थेला विचारावं. ज्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी ही कामं केली त्यांच्यापैकी काही जण अजून आपल्यात आहेत. त्यांच्याशी बोलून त्यांच्या आठवणी नोंदवून घेण्याचं काम कुणीतरी तातडीनं करायला हवं.

पुस्तकात प्रत्येक चिन्हाखाली ते काढणाऱ्याचं नाव दिलं आहे. एकापेक्षा जास्त जणांनी मिळून काम केलं असेल तिथे सगळ्यांची नावं दिली आहेत. चिन्हं मुद्दाम एका रंगात आणि लहान आकारात छापली आहेत. रंगीत मोठी चित्रं पाहायला सुखद असतात, पण ही चिन्हं मुळात ज्या शिक्क्यांसाठी, पावत्यांसाठी आणि पत्र्याच्या पाट्यांसाठी काढली गेली, त्या आकारात ती कशी उभी राहतात ते वाचकानं आधी पाहावं.